बादशहानं कागदावर जिंकलेली लढाई

आयर्लंडची राजधानी डब्लिन. तिथल्या चेस्टर बीटी संग्रहालयात वहीच्या पानाएवढं एक मुघल चित्र आहे. पहिल्या नजरेत ते सुंदर दिसतं. सोनेरी वलय, नाजूक फुलं, मलमली जामा, गळ्यात मोत्यांच्या माळा. मग नजर जरा डावीकडे सरकते आणि पाहणारा दचकतो. उभ्या रोवलेल्या भाल्याच्या टोकावर एका माणसाचं तोडलेलं मुंडकं खोचलेलं आहे. धड कुठंच नाही. मुंडक्याच्या आरपार बाण गेलेला आहे आणि डोक्यावर घुबड बसलं आहे. समोर धनुष्य ताणून उभा आहे तो हिंदुस्थानचा बादशहा जहांगीर. तोही जमिनीवर उभा नाही, पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल एका प्रचंड माशावर!

भाल्यावरचं मुंडकं मलिक अंबरचं आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता, खडकी शहर वसवणारा, मराठी मुलखात ज्याच्या नावाच्या आठवणी अजून सापडतात तो हबशी सरदार. चित्र सुमारे १६१६ सालचं. ज्यानं इतिहास वाचलेला नाही, तो हे चित्र पाहून हेच समजेल की जहांगीरनं मलिक अंबरला मारलं, त्याचं डोकं भाल्यावर लावलं आणि सूड म्हणून वर आणखी बाण सोडले.

यातलं काहीही घडलेलं नाही. जहांगीर आणि मलिक अंबर आयुष्यात कधी समोरासमोर आले नाहीत. चित्र रंगवलं गेलं तेव्हा अंबर जिवंत होता आणि त्यानंतरही तो दहा वर्षं जगला. १६२६ मध्ये जवळपास ऐंशीच्या घरात असताना तो वारला. मुंडकं तेव्हाही धडावरच होतं.

मग हे चित्र काढलं कशासाठी?

गुलाम ते निजामशाहीचा तारणहार

आधी हा मलिक अंबर कोण ते पाहायला हवं. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथियोपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. एका मालकाकडून दुसऱ्याकडे, असं करत पोरगा बगदादला पोहोचला. तिथल्या मालकानं पोराची हुशारी हेरली, लिहायला-वाचायला शिकवलं आणि ‘अंबर’ हे नाव दिलं. पुढं तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगेजखानही हबशी होता आणि तोही एके काळी गुलामच होता. (‘पेशवा’ म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा आठवतो, पण हे पद निजामशाहीत त्याच्या कितीतरी आधीपासून होतं.)

मालक वारला आणि अंबर मोकळा झाला. त्यानंतर बरीच वर्षं तो भाड्याचा शिपाई म्हणून दख्खनच्या दरबारांत फिरला. विजापूरकरांनी त्याला ‘मलिक’ हा किताब दिला. १६०० मध्ये अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला. चांदबिबी त्याच सुमारास मारली गेली होती. निजामशाही संपली, असं आग्र्याला वाटलं. अंबरनं निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, त्याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्य पुन्हा उभं केलं. राजा नावाचा, कारभार अंबरचा.

हा कारभार पक्का होता. त्यानं जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवला. ‘मलिकंबरी धारा’ हे शब्द मराठी मुलखात पुढं अनेक पिढ्या चालले. १६१० मध्ये त्यानं खडकी ही नवी राजधानी वसवली. तेच पुढं औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याचीच करामत. पीटर व्हॅन डेन ब्रोक नावाचा एक डच व्यापारी १६१७ मध्ये त्याला भेटला. त्यानं लिहून ठेवलंय की हा माणूस उंच, धिप्पाड आणि चेहऱ्यानं कठोर आहे. याच्या मुलखात सोनं घेऊनही निर्धास्त फिरता येतं. आणि कुणी दारू प्यालेला सापडला, तर त्याच्या घशात वितळलेलं शिसं ओततात! यातलं ऐकीव किती आणि पाहिलेलं किती, ते सोडा. पण त्याच वेळी जहांगीर मात्र आपल्या आत्मचरित्रात, तरुणपणी आपण दिवसाला वीस-वीस प्याले चढवत होतो, असं मोकळेपणानं सांगत होता.

मुघलांना सगळ्यात जास्त छळलं ते अंबरच्या लढण्याच्या पद्धतीनं. त्याच्याकडे चपळ मराठा घोडदळ होतं. समोर उभं राहून लढाई द्यायची नाही. रसद तोडायची, छावणीच्या मागं-पुढं घिरट्या घालायच्या, रात्री छापा घालून डोंगरात नाहीसं व्हायचं. मुघलांचा अवाढव्य तळ, हत्ती, तोफा, बाजारबुणगे यांना दख्खनच्या दऱ्याखोऱ्यांत हे जमेना. जहांगीरनं एकामागून एक सेनापती पाठवले. खानखानान अब्दुर्रहीम आला. हिंदी दोह्यांचा तो प्रसिद्ध कवी रहीम, तोच हा. शहजादा परवेझ आला. बऱ्हाणपुरात तळ पडायचा, खजिना रिकामा व्हायचा, सरदार एकमेकांवर ढकलून मोकळे व्हायचे.

जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख पुन्हा पुन्हा करतो आणि बहुतेक वेळा शिवी जोडूनच. काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा, असली विशेषणं. एवढ्या मोठ्या बादशहानं एका माणसावर इतकी शाई खर्च करावी, यातच अंबरची ताकद कळते.

एक जिंकलेली लढाई

१६१६ च्या सुरुवातीला मात्र मुघलांना यश आलं. अंबरचे काही सरदार फुटले. त्यात हबशी होते तसे मराठेही होते. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव हे त्यातलंच मोठं नाव. खानखानानचा मुलगा शाहनवाझखान यानं जालन्याजवळ रोशनगाव इथं अंबरचा पराभव केला. मुघल फौज खडकीत घुसली. वाडे पाडले, घरं लुटली, जाळपोळ केली. अंबर देवगिरीच्या म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याकडे निघून गेला. काही दिवसांनी मुघलही परतले.

बातमी पोहोचली तेव्हा जहांगीरचा मुक्काम अजमेरला होता. त्याचा आनंद मावेना. आणि बहुधा याच आनंदात हे चित्र काढलं गेलं. शत्रूचं शहर जळलं, शत्रू निसटला. जे हाती लागलं नाही, ते चित्रकाराकडून मिळवायचं.

चित्रकार होता अबुल हसन. त्याचा बाप आका रिझा हेरातहून आलेला चित्रकार होता. हे घराणं जहांगीर शहजादा असल्यापासून त्याच्या पदरी होतं. अबुल हसन दरबारातच वाढला. वयाच्या तेराव्या वर्षी या पोरानं आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या छापील चित्रावरून संत योहानाची जी आकृती काढली, ती आज ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. १६१८ मध्ये जहांगीरनं त्याला ‘नादिर-उझ-झमान’ म्हणजे युगातलं आश्चर्य, हा किताब दिला. स्वतः जहांगीर चित्रांचा जबरा शौकीन. एकाच चेहऱ्यात डोळे एकानं आणि भुवया दुसऱ्यानं रंगवल्या असतील, तरी आपण दोघांनाही ओळखू शकतो, अशी त्याची बढाई होती.

अशा मालकासाठी काम करायचं म्हणजे गंमत नव्हती. खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला, घोटून गुळगुळीत केलेला कागद, दगड कुटून आणि खलून केलेले रंग, आणि एकेका चित्रावर आठवडेच्या आठवडे. अंबरच्या मुंडक्यातही ही मेहनत दिसते. तो सैतान किंवा राक्षस म्हणून रंगवलेला नाही. तो एक खराखुरा माणूस आहे, वय झालेला, ओळखू येणारा. म्हणूनच ते मुंडकं पाहवत नाही.

घुबड, बैल आणि मासा

चित्रातली एकही वस्तू उगाच ठेवलेली नाही. जहांगीरचं पूर्ण नाव नूरुद्दीन मुहम्मद जहांगीर. नूरुद्दीन म्हणजे धर्माचा प्रकाश आणि जहांगीर म्हणजे जग जिंकणारा. म्हणून डोक्यामागं प्रकाशाचं वलय आणि पायाखाली जग. समोरचा शत्रू काळा, म्हणून तो अंधार. घुबड तर काळोखाचा पक्षी आणि उजाड घरांत राहणारा. चित्रात जागोजागी मुंगीएवढ्या अक्षरांत फार्सी ओळी आहेत. त्यांचा रोख असाच: रात्रीच्या रंगाच्या या माणसाचं डोकं आता घुबडाचं घरटं झालं आहे. माणसाच्या कातडीच्या रंगावरून त्याला अधर्माच्या बाजूला ढकलून देण्याची ही चलाखी चारशे वर्षांपूर्वीची आहे. वास्तविक अंबर हा जहांगीरइतकाच मुसलमान. धर्माचा झगडा मुळात नव्हताच. होता तो मुलखाचा आणि महसुलाचा.

पृथ्वी बैलावर आणि बैल माशावर, ही इस्लामी जगातली जुनी कल्पना. आपल्याकडे शेषाच्या फण्यावर पृथ्वी आहे, तशीच ही. गोलावर न्यायाचा तराजू आहे. वाघ-सिंह आणि गाई-बकऱ्या एका जागी सुखानं बसल्या आहेत. बादशहाच्या राज्यात इतका न्याय की सिंहही शिकार विसरला, हा त्याचा अर्थ. त्याच गोलावर उभा राहून बादशहा मेलेल्याला पुन्हा मारतो आहे, ही विसंगती अबुल हसनला जाणवली होती की नाही, कोण सांगणार!

वर आभाळात पंखवाली गुबगुबीत बाळं आहेत. ती ढगांतून बादशहाला शस्त्रं देत आहेत. ही बाळं आली कुठून? ती आली गोव्याहून! अकबरानं बोलावल्यावरून गोव्याचे जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. त्यांनी बादशहाला अँटवर्प शहरात छापलेलं अनेक भाषांतलं बायबल भेट दिलं. त्यात आणि पाद्र्यांनी आणलेल्या इतर पुस्तकांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं होती. पाद्र्यांना आशा होती की ही चित्रं पाहून बादशहा ख्रिस्ती होईल. बादशहा काही ख्रिस्ती झाला नाही. त्याच्या चित्रकारांनी मात्र देवदूत उचलले, वलय उचललं, पृथ्वीचा गोल उचलला आणि सगळं बादशहाच्या सेवेला लावलं. रोममध्ये जे देवदूत येशूभोवती फिरत होते, ते आग्र्यात जहांगीरला बाण पुरवू लागले. पाद्र्यांची मेहनत अशी कामाला आली.

स्वप्नातली गळाभेट

अबुल हसननं याच सुमाराचं आणखी एक चित्र काढलं. ते अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. यात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे. दोघं पृथ्वीच्या गोलावर उभे. मागं सूर्य आणि चंद्र मिळून केलेलं भलंमोठं तेजोवलय. जहांगीर धिप्पाड, झगमगीत. शाह अब्बास बिचारा खांदे पाडून, अंग चोरून उभा. जहांगीरच्या पायाखाली सिंह आहे आणि शाहच्या पायाखाली मेंढी. दोघं शेजारी झोपलेत, म्हणजे दोस्तीच. पण गोलावरचा नकाशा नीट पाहिला की कळतं, सिंह पसरत पसरत पार इराणात गेलाय आणि मेंढी सरकत सरकत भूमध्य समुद्रापाशी पोहोचली आहे.

हीही भेट झालेली नव्हती. चित्रावरच्या मजकुरानुसार जहांगीरनं ती स्वप्नात पाहिली. शाह अब्बास दिसतो कसा, हे जाणून घ्यायला जहांगीरनं १६१३ मध्ये खानआलमच्या वकिलातीबरोबर बिशनदास या आपल्या चित्रकाराला इराणला पाठवलं होतं. शत्रूच्या दरबारी हेर पाठवतात हे ठाऊक आहे. इथं चित्रकार पाठवला. तो १६२० मध्ये परतला. काम इतकं पसंत पडलं की बादशहानं त्याला हत्ती बक्षीस दिला. चित्रकाराच्या दारात हत्ती! ठेवायचा कुठं आणि खायला काय घालायचं, हा प्रश्न त्याच्या बायकोला पडला असेल.

भांडण होतं ते कंदाहार या मोक्याच्या शहरावरून. १६२२ मध्ये शाह अब्बासनं कंदाहार जिंकून घेतलं. जहांगीरला ते परत मिळवता आलं नाही. चित्रातली मेंढी खरी सिंह निघाली.

राजांपेक्षा फकीर थोर

तिसरं चित्र यापेक्षा निराळं आहे आणि तिन्हींत तेच सरस म्हणावं लागेल. तेही फ्रीअर गॅलरीतच आहे. चित्रकाराचं नाव बिचित्र. (आपण ‘विचित्र’ म्हणजे तऱ्हेवाईक समजतो, संस्कृतात त्याचा अर्थ रंगीबेरंगी, नानापरींचा, असाही आहे. चित्रकाराला याहून चांगलं नाव कुठलं?) इथं जहांगीर चक्क वाळूच्या घड्याळावर बसला आहे. वरची वाळू खाली जात आहे. बादशहा हजार वर्षं राज्य करो, असं देवदूत त्या घड्याळावर लिहीत आहेत. पण ते लिहून होईपर्यंत वाळू बरीचशी खाली गेलेली!

समोर डावीकडे वरपासून खालपर्यंत चार माणसं ओळीनं उभी आहेत. सगळ्यात वर पांढऱ्या दाढीचा सूफी शेख. तो अजमेरच्या दर्ग्याचा शेख हुसेन असावा, असं मानतात. बादशहा त्याला एक ग्रंथ देतो आहे आणि शेख तो उघड्या हातांनी न घेता शालीच्या पदरात झेलतो आहे. त्याच्या खाली तुर्कस्तानचा सुलतान, हात जोडलेला. त्याच्या खाली इंग्लंडचा राजा जेम्स. आणि अगदी कोपऱ्यात पिवळा जामा घातलेला खुद्द बिचित्र. हातात एक चित्र, त्यात दोन घोडे, एक हत्ती आणि वाकून मुजरा करणारा तोच. त्यानं आपली सही केली आहे ती बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर, म्हणजे पाय पडेल तर आपल्या नावावर पडेल.

अजमेरचं आणि जहांगीरचं नातं जुनं होतं. त्याचा जन्मच मुळी सलीम चिश्ती या सूफी संताच्या आशीर्वादानं झाला, अशी अकबराची श्रद्धा. म्हणून त्याचं नाव सलीम. १६१४ मध्ये अजमेरला तो बराच आजारी पडला. बरा झाल्यावर ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचा दास म्हणून त्यानं कान टोचून घेतले आणि त्यात मोती घातले. बादशहानं टोचले म्हटल्यावर दरबाऱ्यांनीही पटापट टोचले. तेव्हा फकिराला राजांच्या वर बसवण्यात ढोंगच होतं, असं म्हणता येणार नाही. पण त्याबरोबर जगातल्या दोन राजांना आपल्या ओसरीवर उभं करून ठेवायचं कामही झालंच.

जेम्सचं चित्र दरबारात बहुधा आलं ते सर टॉमस रो या इंग्रज वकिलाबरोबर. हा १६१५ मध्ये सुरतेला उतरला आणि तीन वर्षं बादशहाच्या मागं फिरला. एकदा त्यानं बादशहाला एक छोटं विलायती चित्र दिलं आणि असं काम इथं होणार नाही, असं मानभावीपणानं सुचवलं. बादशहानं पैज लावली. काही दिवसांनी रात्री मेणबत्तीच्या उजेडात रोच्या पुढं सहा चित्रं ठेवली. एक त्याचं, पाच दरबारी चित्रकारांनी केलेल्या नकला. आपलं चित्र ओळखताना साहेबाला घाम फुटला. मोठ्या मुश्किलीनं ओळखलं. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. रोनं एवढी वर्षं खटपट केली, रोजनिशी लिहिली, पण जहांगीरच्या आत्मचरित्रात त्याचा साधा उल्लेख नाही. त्याच्या राजाला मात्र जागा मिळाली. फकीर आणि सुलतानाच्या खाली!

पुढं काय घडलं

आता पुन्हा त्या मुंडक्याकडे येऊ.

१६१७ मध्ये शहजादा खुर्रम दख्खनवर आला. अंबरनं तह केला, अहमदनगरचा किल्ला दिला. खूश झालेल्या जहांगीरनं मुलाला ‘शाहजहान’ हा किताब दिला आणि दरबारात आपल्या तख्ताशेजारी बसवलं. मुघलांची पाठ फिरताच अंबरनं गेलेला मुलूख परत घ्यायला सुरुवात केली. १६२१ मध्ये पुन्हा शाहजहान आला, पुन्हा खडकी उद्ध्वस्त झाली, पुन्हा तह. अंबरनं पुन्हा शहर उभं केलं.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मुघल आणि विजापूरकर एकत्र येऊन अंबरवर चालून आले. पावसाळ्याचे दिवस. अंबरनं भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या तळात पाणी आणि चिखल झाला. मग छाप्यांवर छापे. या लढाईत अंबरच्या बाजूनं शहाजीराजे लढले. त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी तिथंच कामी आले. मुघल आणि विजापूरकर, दोघांचाही सपाटून पराभव झाला. भाल्यावर रंगवलेलं ते मुंडकं तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढं होतं.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट. जहांगीरचा लाडका शाहजहान बापाविरुद्ध बंड करून उठला. फौजा मागं लागल्यावर पळत पळत तो दख्खनमध्ये आला. आसरा कुणाकडे घेतला? मलिक अंबरकडे! दोघांच्या फौजांनी मिळून बऱ्हाणपूरला वेढा घातला. ज्याला हरवल्याबद्दल तख्ताशेजारी जागा मिळाली, त्याच्याच खांद्याला खांदा लावून शहजादा बापाच्या किल्ल्यावर चालून गेला. असं चित्र मात्र कुणी काढलं नाही.

अंबर मे १६२६ मध्ये वारला. जहांगीरच्याच पदरच्या मुतमदखान या इतिहासकारानं त्याच्या मृत्यूची नोंद करताना हात आखडता घेतला नाही. युद्धकलेत, हुकमत चालवण्यात, कारभारात या माणसाला जोड नव्हती आणि एका हबशी गुलामानं एवढी उंची गाठल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. पुढच्याच वर्षी काश्मीरहून परतताना जहांगीर वाटेत वारला. वय ५८. घड्याळातली वाळू हजार वर्षं पुरली नाही.

अंबरनंतर निजामशाही दहाच वर्षं टिकली. शेवटी शेवटी शहाजीराजांनी त्या घराण्यातलं एक मूल गादीवर बसवून तीन वर्षं राज्य चालवलं. परांड्याला अंबरनं जे केलं होतं, तेच.

एकाच वहीतली दोन पानं

आता थोडं त्या चित्राच्या प्रवासाविषयी. बादशाही चित्रं भिंतीवर टांगायची नव्हती. ती चित्रवहीत लावायची आणि मर्जीतल्या माणसांनी हातात घेऊन पाहायची. अंबरच्या मुंडक्याचं चित्र अशाच एका वहीत होतं. मुघलांची पडझड झाल्यावर ती वही कधीतरी इंग्रजांच्या हाती गेली आणि हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झालेल्या लॉर्ड मिंटोच्या घराण्यात पोहोचली. म्हणून तिला मिंटो चित्रवही म्हणतात. १९२५ मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला. तिची पानं दोन ठिकाणी वाटली गेली. काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं घेतली, बाकीची चेस्टर बीटी या अमेरिकी खाणमालकाच्या संग्रहात गेली आणि पुढं डब्लिनला पोहोचली.

लंडनला राहिलेल्या पानांत मलिक अंबरचंच आणखी एक चित्र आहे. सुमारे १६२० चं. चित्रकार हाशिम, दख्खनमधून मुघल दरबारात गेलेला. यात ना भाला, ना घुबड, ना बैल, ना मासा. एक म्हातारा उभा आहे. बाजूनं दिसणारा चेहरा, जाड बांधा, पांढरा झिरझिरीत जामा, सोबत तलवार. शिवी नाही आणि स्तुतीही नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे नीट पाहून, जसा आहे तसा काढलेला. पुढच्या बादशहानं जपलेल्या एकाच वहीत ही दोन्ही पानं होती. एकात भाल्यावरचं डोकं, दुसऱ्यात धडावरचं.

अंबरची कबर वेरूळजवळ खुल्दाबादला आहे. काळ्या दगडाचा घुमट त्यानं हयातीतच बांधून ठेवला होता. त्याच गावात थोड्या अंतरावर, आभाळाखाली उघडी अशी आणखी एक साधी कबर आहे. ती जहांगीरच्या नातवाची, औरंगजेबाची.